‘देवाची खुशी’ म्हणणाऱ्या मैत्रिणीचं दुःख

गोव्यात फोंड्याजवळच्या एका शाळेतल्या शिक्षिकेनं विचारलंय. त्यांची एक सहकारी कॅथलिक आहे, पन्नाशीची. तिचा बावीस वर्षांचा मुलगा जूनमध्ये मोटरसायकलच्या अपघातात गेला. अंत्यविधीच्या दिवशी ती रडली नाही, उलट आलेल्यांना पाणी विचारत होती. सातव्या दिवसाची मीस, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, झाली आणि पुढच्या सोमवारी ती शाळेत हजर. कुणी विषय काढला की एकच उत्तर, ‘देवाची खुशी.’ रोज सकाळी साडेसहाच्या मिसेला जाते, रविवारी मुलाच्या थडग्यापाशी बसते. स्टाफरूममध्ये दोन तट पडलेत. काही म्हणतात, श्रद्धा आहे म्हणून सावरली. काही म्हणतात, श्रद्धेपायी दुःख आत दाबून बसलीय, एक दिवस फुटेल. शिक्षिका विचारतात: तिला रडतं करायला हवं का? डॉक्टरकडे न्यावं का? आणि २ नोव्हेंबरला तिनं मला दफनभूमीतल्या प्रार्थनेला बोलावलंय. मी हिंदू, जाऊ का, जाऊन काय बोलू?

शेवटी कंसात एक वाक्य आहे: ‘पूर्वी ती क्वायरमध्ये गायची, आता मागच्या बाकावर बसते म्हणे.’ क्वायर म्हणजे चर्चमधला गायकांचा गट. ते वाक्य मी बाजूला काढून ठेवलंय. त्याकडे येते.

आधी मी कुठून बोलतेय ते सांगते. मी मूळची वसईची, कॅथलिक, मराठी शाळेत शिकलेली. लग्न होऊन गोव्यातल्या बार्देशात आले त्याला सव्वीस वर्षं झाली. त्यातली सतरा वर्षं असाध्य आजाराच्या रुग्णांच्या घरी जाणाऱ्या पथकात समुपदेशक म्हणून काम करतेय. रुग्ण गेल्यानंतरही साधारण वर्षभर आम्ही त्या घरी जात राहतो, आणि माझं बरंचसं शिक्षण त्या वर्षभरातच झालं. मात्र माझ्याकडची बहुतेक मरणं संथ असतात. निरोप घ्यायला थोडा तरी वेळ मिळालेला असतो. अपघातात सकाळी चहा पिऊन गेलेला मुलगा संध्याकाळी शवागारात असतो. त्या दुःखाची जात वेगळी. तुमच्या मैत्रिणीला मी भेटलेलेही नाही. तेव्हा पुढचं सगळं ‘बहुधा’ लावून वाचा.

तुम्ही विचारलंय ती रडत का नाही, पण तुम्हाला बोचतंय दुसरंच. तुम्हीच लिहिलंय, ‘पोटचा पोर गेला, त्यात देवाची कसली खुशी?’ इथूनच सुरू करू, कारण निम्मा घोटाळा भाषेचा आहे.

गोव्यातल्या पहिल्याच अंत्ययात्रेत हा शब्द मलाही टोचला होता. वसईला आम्ही प्रभूच्या प्रार्थनेत ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणतो. कोंकणीत तीच ओळ ‘तुजी खुशी सर्गार जाता तशी संवसारांत जांव’ अशी आहे. खुशी म्हणजे इथे इच्छा, मर्जी. आपणही ‘राजीखुशीनं सही केली’ म्हणतो तेव्हा त्यात आनंद नसतो, संमती असते. तुमची मैत्रीण देव खूश झाला असं म्हणत नाहीये. तेर्स, म्हणजे रोझरी, म्हणताना ही प्रार्थना एका बैठकीत पाच-सहा वेळा येते, आणि ती हे लहानपणापासून करत आली असणार. दुसरे शब्द सुचेनासे झाले की माणूस पाठ असलेल्या शब्दांना धरतो. काळोखात भिंत चाचपत जावं तसं.

पण त्या ओळीबद्दल आणखी एक गोष्ट आहे, जी बऱ्याच ख्रिस्ती लोकांच्याही ध्यानात राहत नाही. पकडला जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनं तीच प्रार्थना केली. ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे वाक्य सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच्या आधीचं वाक्य आहे, ‘शक्य असेल तर हा प्याला माझ्यावरून टळून जावो.’ त्याच्याही आधी तो शिष्यांना सांगतो की माझा जीव मरणाइतका खिन्न झालाय, माझ्याबरोबर जागे राहा. शिष्य झोपतात. तो तीनदा जाऊन तेच मागतो. म्हणजे ‘देवाची खुशी’ ही प्रार्थनेची दुसरी ओळ झाली. पहिली ओळ ‘हे होऊ देऊ नकोस’ अशी आहे.

मला सतरा वर्षांत काय कळलं असं कुणी विचारलं तर हेच सांगेन. ख्रिस्ती माणूस ‘देवाची इच्छा’ म्हणतो तेव्हा त्यानं पहिली ओळ कुठे म्हटली का, एवढंच मी बघते. म्हटली असेल तर दुसरी ओळ त्याला पेलते. ती गाळून थेट दुसरीवर उडी मारली असेल, किंवा भोवतालच्यांनी मारायला लावली असेल, तर तीच ओळ पुढे घशात अडकते.

एका घरी नवरा घशाच्या कर्करोगानं गेला होता. बायको साठीची. मी महिन्याभरानं गेले तर घरातल्या वेदीवरची येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. खालचा दिवा मात्र पेटलेला. मी काही बोलले नाही, चहा घेतला. तिसऱ्या भेटीत तिनंच विचारलं, हे पाप आहे का, कुमसाराला जाऊन सांगावं लागेल का? कुमसार म्हणजे पाद्रीपुढे पापांची कबुली. मी विचारलं, दिवा कोण लावतं? म्हणाली, मीच, काळोखात कसं ठेवणार त्याला. मग मी तिला अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचून दाखवलं. बायबलमधली विलापाची स्तोत्रं बहुतेक करून शेवटी आशेवर येतात, हे येत नाही. ‘तू माझे सोबती माझ्यापासून दूर केलेस’ असं देवाला सुनावून ते अंधारातच संपतं. आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही. तिनं वही आणून ते उतरवून घेतलं. तसबीर आणखी बरेच दिवस तशीच होती. नाताळच्या आधी घर रंगवताना सरळ झाली म्हणे, मी काही विचारलं नाही.

म्हणून ‘श्रद्धा रडू देत नाही’ हे मला पटत नाही. बायबलमधली लाजरची गोष्ट बघा. तो मेल्याला चार दिवस झालेत, येशू उशिरा पोचतो. लाजरची बहीण मार्था म्हणते, प्रभू, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळानं दुसरी बहीण मरिया येऊन तेच वाक्य जसंच्या तसं म्हणते. मार्थेला तो पुनरुत्थानाविषयी सांगतो. मरियेला काहीच सांगत नाही. ती रडतेय हे बघून तोही रडतो. तक्रार एकच, बहिणी दोन आणि उत्तरंही दोन. आणि आपण आत्ता लाजरला मेलेल्यातून उठवणार हे ठाऊक असूनही तो रडला. प्रेषित पौलानं थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलं ते हेच, की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका. खेदच करू नका, असं तो म्हणत नाही. हे वाक्य अर्धं तोडून शोकाकुल घरात वापरतात तेव्हा मला राग येतो.

रडू आवरून पाणी विचारणंही नवं नाही. थोर ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टिनची आई मोनिका ३८७ साली इटलीतल्या ओस्तियाला वारली. त्यानं तिचे डोळे मिटले. त्याचा मुलगा मोठ्यानं रडू लागला तर सगळ्यांनी त्याला गप्प केलं. ऑगस्टिन स्वतः कोरड्या डोळ्यांनी आलेल्यांशी बोलत राहिला, दफन झालं तेव्हाही रडला नाही. मग स्नानगृहात जाऊन आला, तरी मन हलकं होईना. झोपून उठल्यावर, एकट्यानं, तो रडला. त्याला भीती होती की अश्रू म्हणजे अविश्वास. हे सगळं त्यानंच लिहून ठेवलंय. तुमची मैत्रीण कुठल्या उशीत रडते ते तुम्हाला दिसत नाही, इतकंच.

आता तिच्या दिनक्रमाकडे. तुमच्या स्टाफरूमला खटकलं असेल की आठवड्यात शाळेत आली. तुमच्याकडे सुतक असतं, दहावा-तेरावा असतो, तोवर माणूस घरातच. ख्रिस्ती धर्मात मृत्यूची विटाळाशी सांगड नाही, त्यामुळे घरी थांबायचं बंधनही नाही. पण वेळापत्रक आहे. सातव्या दिवसाची मीस, महिन्याची मीस, वर्षाची मीस, त्याखेरीज वाढदिवसाला, मृत्यूच्या तारखेला. वर्तमानपत्रात फोटोसह छापून येणाऱ्या त्या जाहिराती तुम्ही रोज बघता. आणि सगळा नोव्हेंबर महिना मृतांचा: १ तारखेला सर्व संतांचा सण, २ तारखेला सर्व मृतांचं स्मरण.

यामागची समजूत अशी, की देवाच्या कृपेत मेलेला माणूसही बहुधा अजून पुरता तयार नसतो. त्याचं शुद्धीकरण व्हायचं असतं, आणि मागे राहिलेल्यांच्या प्रार्थनेनं, मिसेनं, दानधर्मानं त्याला मदत होते. हे कॅथलिकांचं. कुणी याला ख्रिस्ती श्राद्ध म्हणतं. मी स्वतः ती तुलना जपून करते, कारण इथे पिंड नाही, पितरांची तृप्ती नाही. पण आईच्या बाजूनं पाहाल तर साम्य खरं आहे: मुलासाठी तिला अजून काहीतरी करता येतं. बावीस वर्षं तिनं त्याचा डबा भरला असेल, रात्री गाडीचा आवाज येईपर्यंत जागी राहिली असेल. ते सगळं एका दुपारी बंद झालं. साडेसहाची मीस हा आता तिचा डबा आहे. पूर्वी शोकशास्त्रात असं मानत की मेलेल्यापासून मन सोडवून घेणं म्हणजे बरं होणं. १९९०च्या दशकापासून अभ्यासक उलट सांगू लागले, की नातं संपत नाही, त्याचं रूप बदलतं, आणि ते चालू ठेवणं हा आजार नव्हे. चर्च हे आधीपासून करत आलंय. गोव्यात घरात लग्न निघालं की आधी भिकऱ्यांचं जेवण घालायची जुनी रीत आहे, घरातल्या मृतांच्या नावानं गरिबांना जेवू घालायचं. म्हणजे मंगलकार्याचं पहिलं आमंत्रण गेलेल्यांना.

हे सगळं ती कॅथलिक आहे असं धरून. प्रोटेस्टंट असती तर मृतांसाठी प्रार्थना नसती. सुधारणावाद्यांनी सोळाव्या शतकात शुद्धीस्थानाची कल्पनाच नाकारली. तिथे माणूस गेला तो थेट देवाच्या हाती, मागच्यांनी करायचं काही उरत नाही. कुणाला त्यात फार शांती मिळते. कुणाचे हात मात्र एकदम रिकामे होतात. गोव्यात ज्यांना लोक बिलिव्हर्स म्हणतात त्या गटांत अंत्यविधीला टाळ्या वाजवून स्तुतिगीतं होतात, कारण तो घरी गेला. काहींना ते मनापासून जमतं. पण टाळ्या वाजवून घरी आलेली एक मुलगी मला म्हणाली होती, तिथे रडले असते तर सगळ्यांनी माझ्यासाठीच प्रार्थना सुरू केली असती. मरणारा म्हातारा होता की तरुण, मरण कसं आलं, शेवटचं बोलणं गोड झालं की भांडण, यावरही बरंच अवलंबून आहे. अपघातात हटकून एक ‘जर’ असतो: गाडी घेऊन दिली नसती तर, हेल्मेट घाल म्हणून ओरडले असते तर. त्या ‘जर’वर ‘देवाची खुशी’ हे झाकणही असू शकतं, की चूक कुणाचीच नव्हती, माझीही नाही. असेल तर उचकटू नका. ते तिनं स्वतः उचलायचंय.

मग श्रद्धेनं अपाय होतच नाही का? होतो, आणि बहुतेक वेळा तो दुसऱ्यांच्या तोंडून होतो. त्यात मीही आले. कामाला लागून जेमतेम वर्ष झालं होतं, आठ महिन्यांचं बाळ गेलेल्या आईला मी म्हणाले, देवाला चांगली फुलं लागतात. तिनं माझ्याकडे शांतपणे पाहिलं. म्हणाली, मग बाजारातून आणायची होती, म्हापशाला शुक्रवारी फुलांचे ढीग असतात. त्यानंतर मी ते वाक्य कधी उच्चारलं नाही, आणि दर शुक्रवारी बाजारातून जाताना ते आठवतं.

दुसरा अपाय जुन्या, अर्धवट ऐकलेल्या शिकवणीचा. आत्महत्या झालेल्या घरात म्हातारे अजून विचारतात, चर्चमध्ये पुरू देतील का, तो नरकात गेला का? चर्चच्या १९१७च्या धर्मसंहितेत अशा माणसाला चर्चचं दफन नाकारण्याची तरतूद होती. १९८३च्या संहितेत ती नाही. मनाच्या गंभीर आजारात माणसाची जबाबदारी कमी होते आणि त्याच्या तारणाबद्दल निराश होऊ नये, असं चर्चची शिकवण आज स्पष्ट सांगते. एका बापाला हे पाद्रींनी समोर बसवून वाचून दाखवलं. तो एवढंच म्हणाला, हे माझ्या आईला कुणी सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी त्याचा मामा तसाच गेला होता.

आणि तिसरा अपाय: देव शिक्षा करतोय, देवानं मला टाकलं, असं वाटत राहणं. धर्म आणि शोक यांच्या अभ्यासात हे स्वतंत्रपणे बघतात. देवाजवळ आधार शोधणारी माणसं पुढे सावरण्याची शक्यता जास्त, देवानं टाकलं या भावनेत रुतलेली माणसं जास्त काळ खचलेली दिसतात. मात्र रागावणं आणि टाकलं गेल्यासारखं वाटणं यांत फरक आहे. तसबीर भिंतीकडे फिरवणारी रागावली होती, पण दिवा लावत होती. दिवा विझवून दार लावून घेतलं असतं तर मी जास्त घाबरले असते.

आता कंसातलं वाक्य. पूर्वी गायची, आता मागच्या बाकावर बसते. तुम्हाला वाटलं असेल, श्रद्धा डळमळली. माझा अंदाज वेगळा आहे, आणि अंदाजच आहे. गायला श्वास लागतो, आणि रडू आवरायलाही तोच श्वास लागतो. दोन्ही एका वेळी होत नाही. ओळखीच्या गाण्याच्या दुसऱ्या ओळीला गळा भरून येतो आणि क्वायर उभी असते सगळ्यांच्या नजरेसमोर. मागच्या बाकावरून दार जवळ पडतं. शिवाय साडेसहाची रोजची मीस अर्ध्या तासाची, पंधरा-वीस माणसं, गाणं जवळपास नाहीच. रविवारच्या मिसेला मात्र क्वायर, मुलाच्या वयाची पोरं, नंतर आवारात गप्पा. तिनं रोजची मीस भक्ती वाढली म्हणून धरली असेल, किंवा तिथे कुणी गायला सांगत नाही म्हणूनही. दोन्ही खरं असू शकतं. म्हणजे तुम्ही म्हणता तो न फुटलेला बांध तिला ठाऊक आहे. तो कुठे आणि केव्हा फुटू द्यायचा नाही, हे ती रोज ठरवतेय.

त्यामुळे रडतं करायच्या फंदात पडू नका. चार महिने म्हणजे काहीच नाही. अंत्यविधीचे दिवस बधिरतेत जातात, आणि घरात ताट कमी वाढायची सवय व्हायला लागली की खरं दुःख सुरू होतं. मानसोपचारातसुद्धा लांबलेल्या शोकाचं निदान एका जागतिक वर्गीकरणात सहा महिन्यांच्या आत करत नाहीत, दुसऱ्या, अमेरिकन वर्गीकरणात प्रौढांसाठी वर्ष जाऊ देतात, आणि दोन्हींत त्या समाजाच्या, धर्माच्या रीतीपलीकडे ते गेलंय का हे बघायला सांगितलंय. रविवारी थडग्यापाशी बसणारी आई आपल्या रीतीच्या आतच आहे. वजन झपाट्यानं उतरणं, आठवडेच्या आठवडे झोप नसणं, वर्गात भान हरपणं, दारू, किंवा ‘मला त्याच्याकडे जायचंय’ असं बोलणं, यांतलं काही दिसलं तर मात्र थांबू नका. शेवटच्या गोष्टीत श्रद्धेचा आडोसा फार फसवा असतो. ‘स्वर्गात भेटू’ हे आशेनं म्हटलेलं आणि ‘आता लवकर जायचंय’ हे हताशेनं म्हटलेलं, दोन्ही एकाच आवाजात येतात. सरळ विचारा: जीव द्यावासा वाटतो का? विचारल्यानं कल्पना डोक्यात शिरत नाही. हो म्हणाली तर तिला एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांकही फुकट लागतो.

एरवी काय बोलायचं? बायबलमधली ईयोबाची गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. मुलंबाळं, संपत्ती सगळं गेल्यावर त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री एक शब्द न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसले. मग ईयोबानं आक्रोश केला, तशी त्यांनी देवाची बाजू मांडायला सुरुवात केली आणि तिथून पुढे सगळं बिघडलं. गोष्टीच्या शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही.

तुमच्यापाशी तर एक सोय आहे, बाई. तुम्ही तिच्या धर्माच्या नाही. तिच्या वाड्यावरच्या बायकांपुढे ती पहिली ओळ म्हणू शकणार नाही, लोक काय म्हणतील. तुमच्यापुढे म्हणू शकेल. ‘देवाची खुशी’ म्हणाली की लगेच मान डोलावू नका, वादही घालू नका. थोडं थांबा आणि विचारा, ‘आणि तुझी?’ एवढंच. कदाचित ती हसून विषय बदलेल, तर बदलू द्या. मुलाचं नाव घ्या. स्टाफरूममध्ये चार महिने ते नाव कुणी उच्चारलं नसेल अशी माझी खात्री आहे. त्याला काय आवडायचं, शाळेत असताना कसा होता, हे तिला सांगायचं असतं, विचारणारं कुणी नसतं.

आणि एक तारीख आत्ताच लक्षात ठेवा. गोव्यातल्या बऱ्याच दफनभूम्यांत जागा कमी, त्यामुळे साधं थडगं कायमचं नसतं. काही वर्षांनी, पुष्कळ ठिकाणी तीनेक वर्षांनी, ते उघडून अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात नाहीतर सामाईक अस्थिकूपात ठेवतात आणि जागा दुसऱ्याला देतात. कोनाडा घ्यायचा तर पैसे भरावे लागतात. त्या दिवशी आईच्या हातात मुलगा दुसऱ्यांदा येतो, एका छोट्या पेटीएवढा. तोवर सगळे विसरलेले असतात, फुलं नसतात, बँड नसतो, शाळेला सुटी नसते. मी अशा एका सकाळी एका आईबरोबर उभी होते. खणणाऱ्यानं मुलाच्या शर्टाचं बटण काढून पुसून तिच्या हातावर ठेवलं. ते अजून तिच्या शिवणाच्या डब्यात आहे. तुमच्या मैत्रिणीचा तो दिवस येईल तेव्हा रजा टाका.

२ तारखेला नक्की जा. तिनं बोलावलंय म्हणजे तिनं ठरवलंय. बहुतेक ठिकाणी दफनभूमीतच मीस होते, मग पाद्री थडग्यांवर पवित्र पाणी शिंपडत फिरतात, पण गावागावात वेळ आणि क्रम बदलतो, तेव्हा तिलाच विचारून घ्या. लोक आदल्या दिवशी थडगी साफ करून, चुना लावून ठेवतात. तिला त्या कामात हात हवाय का विचारा, कारण पावसाळ्यात मुलाच्या थडग्यावर गवत माजलेलं असेल आणि ते एकटीनं उपटणं फार जड जातं. कपडे साधे, काळेच हवेत असं नाही. सगळे उभे राहतील तेव्हा उभं राहायचं. कम्युनियन, म्हणजे मिसेतली पवित्र भाकर, घ्यायला रांग लागेल तेव्हा तुम्ही जागेवरच थांबा, त्यात कुणाला गैर वाटत नाही. हात जोडावेसे वाटले तर जोडा, तुमच्या पद्धतीनं. शेवटी क्वायर गाईल. तिच्याकडे बघू नका, फक्त शेजारी राहा.

झेंडूची फुलं घेऊन गेलात तर चालतील, सगळेच नेतात. मेणबत्त्या तिच्याकडे असतील. तुम्ही काडेपेटी न्या. उघड्यावर त्या सारख्या विझतात, आणि एक विझलेली पुन्हा पेटवायला दर वेळी दुसऱ्याच्या थडग्यावर जाऊन ज्योत मागावी लागते.